तिसऱ्या खिंडीवरचा 'उ.'

२ सप्टें., मंगळ.
वैशू गेली हिमाचलला, सायकलवर. माझ्या जागी केतकी, तिच्या ऑफिसातली. सायकल घेऊन जेमतेम वर्ष झालंय बाईंना. रूट माझा. आठ महिने डोकं खपवून काढलेला: पाच दिवस, दोन डोंगरधारा, तीन खिंडी, कुठे पाणी, कुठे मुक्काम. आणि आरेच्या उतारावर पडून गुडघा घालवला तोही मीच. रूटचा कागद लंगडत जाऊन चारकोपच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करून आणला. वर हसत दिला. मूर्ख.

४ सप्टें., गुरु.
पहिली खिंड झाली. फोटोत केतकीच्या अंगावर माझं पिवळं जॅकेट. मी वैशूला दिलं होतं, वैशूला! खाली मेसेज: 'केतकी चढावर थांबतच नाही गं, झकास!'
मी थांबायचे. सात वर्षं वैशू माझ्यासाठी थांबली, एकदाही बोलली नाही. आता कळलं.
आई: 'गुडघो मोडलो तो मोडलो, तोंड पाडून कित्याक बसलंस?'
जळतेय मी. दुसरं काय.

६ सप्टें., शनि.
दुसरीही झाली. रूटचा कच्चा कागद काढून बघत होते, उद्या कुठून जातील. त्यांच्याकडच्या लॅमिनेटवरही हेच उतरवलंय. तिसऱ्या खिंडीवर माझ्याच अक्षरात: 'माथ्यावरून उ.' म्हणजे उतार, सरळ खाली गावात. पण बाकी अख्ख्या कागदावर 'उ.' म्हणजे उजवीकडे! आणि त्या माथ्यावर उजवीकडे खरंच एक वाट फुटते, मेंढपाळांची. धारेवरून लांबच्या लांब जाते. पाणी नाही, वस्ती नाही.
लगेच मेसेज लिहायला घेतला. तेवढ्यात त्यांचा फोटो. केतकीचं डोकं वैशूच्या खांद्यावर. 'तुला मिस करतोय आम्ही.'
आम्ही!
लिहिलेलं पुसलं. उद्या सांगेन. एवढी हुशार आहे ना ती, तिचं तिला कळेल.

७ सप्टें., रवि.
उठल्याउठल्या टाकला: 'तिसऱ्या खिंडीवर उ. म्हणजे उतार. उजवीकडे वळू नका.' एकच टिक. फोन लागत नाही. दोघींचाही.
मुक्कामाच्या घरी फोन केला. मालक म्हणाले, 'दोनों तो पाँच बजे निकल गईं.' वाट लागली. मग म्हणाले, 'काग़ज़ पे मराठी में कुछ था, मुझसे पूछ रही थीं. मैं क्या बताता? पीले जैकेटवाली बोली, दाएँ ही होगा. दूसरी बोली, सहेली से पूछे बिना नहीं मुड़ेंगे. ऊपर थोड़ा नेटवर्क आता है.'
सहेली म्हणजे मी.
साडेदहा. आईने पोहे आणून ठेवलेत, गार झाले. फोनचा आवाज फुल्ल केलाय. अकरा वाजले. अजून एकच टिक.
कर ना गं फोन, वैशू.