सावेलीचं नाक

सारातोव,
३ मे १९६८

ती. लुकेर्याताईस,
सावेलीचा सा. न. वि. वि.

वीस तारखेला माझा शेवटचा खेळ. मग पेन्शन. सारा देश हसवला, ताई, एकटी तूच राहिलीस. मागे आलीस तेव्हा सगळी सर्कस पोट धरून हसत होती आणि तू माझ्या फाटक्या विजारीकडे बघत होतीस. खेळ संपल्यावर सुईदोरा मागितलास!

या वेळी हस गं, एकदाच. खोटं नको, मला लगेच कळतं. पहिल्या रांगेतली जागा ठेवली आहे. फक्त कठड्यावर रिंगणाकडे पाठ करून बसू नकोस, आमच्यात तो मोठा अपशकुन. काकडीचं लोणचं आण.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
सावेली

इस्पितळ, सारातोव,
२४ मे

ती. ताईस सा. न.

तू बोटीवर चढलीस आणि इकडे पायाचं प्लास्टर खाजायला लागलं. जन्मभर बादलीवरून पडत आलो आणि शेवटच्या दिवशी नुसता चालताना पडलो. मी कळवळून ओरडलो, ते लोकांना फारच आवडलं. आमची सर्कशीतली मंडळीसुद्धा हसत होती.

तेवढ्यात तू पिशवी घेऊन कठडा ओलांडलास, माझं लाल नाक उपटून पिशवीत टाकलंस आणि चारचौघांत मला झापलंस. वर मला कठड्यावर बसवून स्वतःही बसलीस, रिंगणाकडे पाठ करून! घोडेवाली झिनाईदा किंचाळली, तर तू तिलाच विचारलंस, आता आणखी काय मोडायचं राहिलंय? त्यावर जो हशा पिकला, तसा मला उभ्या जन्मात मिळाला नाही. मॅनेजर विचारत होते, ताई हिवाळ्यात मोकळ्या आहेत का. माझी चौकशी केली नाही.

पण तू हसली नाहीसच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि मी खरंच पडलोय हे तुला एकटीलाच कसं कळलं? नाक परत पाठव, सरकारी सामान आहे.

तुझा लंगडा,
सावेली

वोल्स्क,
३० मे

चि. सावेलीस अनेक आशीर्वाद.

पाय खाली टेकवू नकोस. मॅनेजरांना सांग, मी मोकळी नाही.

अरे वेड्या, खरं लागलं की तू लहानपणापासून डावा कान धरतोस. पाय मोडला तरी कानच. आईने जाताना तुला माझ्या हवाली केलं, तेव्हापासून तू पडलास की मी तुझ्या हाताकडे बघते. तू पडायचास पोटासाठी, पण माझा जीव दर वेळी खालीवर व्हायचा. हसायला सवड कुठून मिळणार?

परतीच्या बोटीवर तिकीट तपासनीस आला. पिशवीत हात घालून हाताला लागलं ते त्याला दिलं. त्याने तुझं नाक उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, हे परतीचं आहे का? मला जे हसू फुटलं ते वोल्स्कच्या धक्क्यापर्यंत थांबेना. शेजारच्या बाईने पाणी पाजलं. तू तिथे नव्हतास, त्याला मी काय करू?

नाक पाठवत नाही. हरवलं म्हणून सरकारला कळव. पाय बरा झाला की इथे ये आणि माझ्यासमोर लाव. हात तेवढा कानाकडे नेऊ नकोस, मग बघ हसते की नाही.

लोणच्याची बरणी परत आण. माया आहेच, ती कागदावर काय लिहायची!

तुझी ताई,
लुकेर्या