अस्वलासमोर पळायचं नाही, कुत्र्यासमोर तर नाहीच

होसहट्टी, कोटगिरी
सोमवार, सकाळ

ती. अक्का,

इथूनच डोकं वाकवलं आहे, तू तिथूनच हात ठेव. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का, की अजून कोइंबतूरच्या धुळीला शिव्या देतात? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माझ्या डाव्या पोटरीवर चार दातांच्या खुणा आहेत, उजवं कोपर सोललंय आणि कानात गेलेली चहाच्या झुडपाची काडी कालच निघाली. एवढं सोडलं तर क्षेम आहे.

माझी साखर वाढल्याचं कळताच तू निळे बूट पाठवलेस आणि सोबत नियमांचा कागद. पस्तीस वर्षं तू नर्स होतीस, तुझ्या शब्दाबाहेर जायची आपल्या घरात कुणाची छाती नाही (दाजींची तर नाहीच). तरी राग येणार नसेल तर एक सांगतो. तू ज्या बागेला फेऱ्या मारतेस तिला फाटक आहे आणि फाटकावर खुर्ची टाकून एक माणूस बसतो. मी चहाच्या मळ्यातून पळतो. इथे फाटक नाही आणि बसलेला सहसा गवा असतो.

पहिल्याच दिवशी पानं तोलायच्या शेडपाशी पाच कुत्री आडवी आली. त्यांचा म्होरक्या एक पिवळा, अर्ध्या कानाचा. कुत्रं दिसताच पळणं थांबवावं, असं तुझ्या कागदात होतं हे खरं. पण कागद घरी होता आणि कुत्री रस्त्यावर होती. मी पळालो. पिवळ्यानं पोटरी धरली. सरकारी दवाखान्यात जखम साबणानं धुतली आणि सुयांच्या तारखा लिहून दिल्या. तिथल्या पोरीनं विचारलं, आजोबा, या वयात कुणाच्या मागे धावत होता? (मी अठ्ठावन्नचा आहे, अक्का. आजोबा म्हणे.)

मग तुझा दुसरा नियम पाळला, शिट्टी. शेडपाशी येताच जोरात वाजवली. कुत्र्यांनी मान वर केली, बघितलं आणि परत खाली घातली. पण वरच्या उतारावर पानं खुडणाऱ्या चाळीस बायकांना वाटलं की तोलायची वेळ झाली. अर्धी भरलेली पोती पाठीवर घेऊन सगळ्या खाली उतरल्या. मुकादम सेल्वराज माझ्याशी काय बोलला ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. त्या बायका मात्र अजून मी दिसलो की तोंडानं शिट्टी वाजवतात.

शेवटी उरला तिसरा नियम. कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, हात अंगाशी धरून स्तब्ध उभं राहायचं, ते कंटाळून जातं. मी उभा राहिलो. कुत्री बसली. मी उभाच. शाळेची बस गेली, दुधाची गाडी गेली, दोघा-तिघांनी थांबून चौकशी केली की कुणी मंत्री येणार आहे का. पाऊण तासानं कंटाळून गेलो तो मी. पण सांगायचं म्हणजे, आठवड्याभरात गुण आला. कुत्री मला बघून उठेनाशी झाली. पिवळा तर शेपटी हलवायला लागला. मला वाटलं, आपली नजर, आपला पवित्रा. देवळाच्या कट्ट्यावर बसून मी चार जणांना कुत्र्याच्या स्वभावावर तास-तासभर ऐकवलं, हे आता आठवलं तरी कान गरम होतात.

गव्याचं फार लिहीत नाही. तो वळणावर बसला होता, तू लिहिल्याप्रमाणे मी मुकाट्यानं मागे फिरलो आणि झुडपात बसलो. तो तासभर रवंथ करत राहिला. (काडी कानात गेली ती तेव्हाच.)

खरा घोळ झाला तो अस्वलाच्या नियमापायी. धुक्यात वळण आलं की मोठ्यानं बोलत जावं, म्हणजे अस्वल दचकत नाही आणि आधीच बाजूला होतं, असं तू दोनदा रेघ मारून लिहिलं होतंस. आता एकट्या माणसानं मोठ्यानं बोलायचं तरी काय? भजन म्हटलं तर दम लागतो. कारखान्यातल्या जुन्या साहेबांना शिव्या दोन दिवस पुरल्या. मग मी रुक्कीवर आलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, विषयाला काय तोटा? आमटीत मीठ नसतं. तिचा भाऊ आला की कोंबडी, माझा मित्र आला की अवरेच्या शेंगा. मी बोलत असलो की ही तांदूळ निवडते. महिनाभर रोज सकाळी, प्रत्येक वळणावर, पोटातून ओरडून मी हे धुक्याला सांगत होतो. खोटं कशाला बोलू, साखरेचं माहीत नाही, पण छाती हलकी व्हायची.

गेल्या गुरुवारी नासपतीच्या झाडाजवळच्या वळणावर मी तिच्या आईपर्यंत पोचलो होतो, आणि समोर अस्वल. मादी, पाठीवर पिल्लू. वीस पावलांवर. माझा आवाज तिथेच संपला. पळू नये, पाठ फिरवू नये, हळूहळू मागे सरावं. दोन पावलं मी सरलो. तिसरं पाऊल गटारात गेलं आणि त्यामागोमाग मी. खालून फक्त तिचं नाक दिसत होतं, आणि ती दोन पायांवर उभी राहिली तेव्हा तेही दिसेना. अक्का, त्या क्षणी मला कुणाची आठवण आली ते लिहीत नाही.

तेवढ्यात मागून ताटली बडवल्याचा आवाज आला. रुक्की. रबरी चपला, डोक्याला पांढरं फडकं, हातात ताटली नि कोयता, आणि आजूबाजूला भुंकणारी ती पाचही कुत्री. ती धावत नव्हती, चालत आली आणि गटाराच्या पुढ्यात उभी राहिली. अस्वलिणीला म्हणाली, "पाठीवर लेकरू घेऊन रस्त्यात भांडतेस होय? जा खाली. इथे कुणी तुला काही करत नाही." मला जेवायला बोलावते त्याच आवाजात. अस्वलीण घटकाभर बघत राहिली, चार पायांवर आली आणि ओढ्याकडे उतरून गेली.

मला वर ओढल्यावर मी विचारलं, तू इथे कशी? म्हणाली, "रोजच असते. दोनशे पावलं मागं. कुत्रं चावलं तेव्हापासून." पिवळ्याला आणि बाकीच्यांना रोज नाचणीचा उंडा घालते, म्हणून ती मला सोडतात. माझा पवित्रा वगैरे काही नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, म्हणाली. मग दहा पावलं गेल्यावर ती म्हणाली, "आईपाशी थांबला होतात. पुढचं राहिलं का काही?"

तर अशी गत आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हालन

ता.क. पत्र लिहायचं खरं कारण असं. चार दिवस झाले, ती त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. वेळेवर जेवायला वाढते, आणि तेच सहन होत नाही. तू थोरली आहेस, तिला लिही की वळणावर बायकोबद्दल ओरडणं हा औषधाचाच भाग होता आणि ते तूच कागदात लिहिलं होतंस. तुझं ती ऐकते. दोष तुझ्यावर घे, मी जन्मभर विसरणार नाही.

ता.क. २. अक्का, मी रुक्की. पाकीट चिकटवायला दिलं म्हणून वाचलं. तुम्ही काही लिहू नका. मीठ मी मुद्दामच कमी घालते, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. भावाच्या कोंबडीचं मात्र खरं आहे. साखर उतरत नाही त्याचं कारण मोइदूची टपरी. तिथवर पळतात आणि चहात बुडवून तीन-तीन गोड वर्की बिस्किटं खातात. मी फणसाच्या झाडाआड उभी राहून मोजते. गटारात पडले तेव्हा माझा हात थरथरत होता म्हणून ताटली एवढी वाजली, हे त्यांना सांगू नका. उद्यापासून मी पुढे चालणार आणि ते मागे. वळणावर मोठ्यानं कुणीतरी बोलायलाच हवं, तर आता महिनाभर मी बोलेन.