एकुवाचा फोटो कुलुपाबाहेर राहावा

मी, अराबा अमिसा, कपडे शिवणारी, राहणार एल्मिना, गुडघे सोडल्यास तब्येतीने धड आणि डोक्याने पूर्ण शाबूत, कोणाच्याही धाकाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते.

घरातला माझा हिस्सा आणि दोन्ही शिलाई यंत्रे माझ्या बहिणीची मुलगी मानसा हिला. काळे यंत्र कुरकुरते. त्याला तेल घालावे, शिव्या घालू नयेत.

माझे पती कोबिना यांचा भाचा क्वामेना याला काही नाही. कारण लिहिते.

आमची एकुलती एक एकुवा दुसरीत असताना तापाने गेली. ती होती तेव्हा दर रविवारी चर्चहून आले की कोबिना फोनमधले तिचे फोटो दोन हार्ड डिस्कवर उतरवत आणि जागा व्हावी म्हणून फोनमधले पुसून टाकत. "अगं, एक बिघडली तर दुसरी आहे," म्हणत, आणि दोन्ही आपल्याच खोलीतल्या कपाटात ठेवत. ते वारले त्याच दिवशी रिवाजाप्रमाणे त्यांच्या आईकडच्या घराण्याने खोलीला कुलूप घातले. आमच्यात वारस भाचा असतो, म्हणून किल्ली क्वामेनाकडे गेली.

मी त्याच्या दारात जाऊन बसले.

"अरे, घड्याळ घे, कापडं घे. मला फक्त त्या दोन डिस्क दे. लेक आहे रे त्यात माझी."

"मामी, कुलूप म्हणजे कुलूप. वडीलधारे बसतील, मोजदाद होईल, मग बघू."

"छप्पर गळतंय तिथलं!"

"मग काय, तुझ्यासाठी रिवाज मोडू?"

वडीलधारे बसले तोवर पावसाळा उलटला होता. दोन्ही डिस्क भिजून गंजल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने त्या हातातही धरल्या नाहीत. मी क्वामेनाला माफ केलेले नाही, आणि मेल्यावरही करणार नाही.

उरला एकच फोटो, मानसाच्या फोनमधला. मानसाच्याच वाढदिवसाचा. कडेला एकुवा, अर्धा चेहरा, तोंडात घास. त्याच्या पेनड्राइव्हवर तीन प्रती केल्या आहेत: एक माझ्याकडे, एक मानसाच्या ताकोराडीच्या घरी, एक कुमासीला माझ्या भावाकडे. दर ईस्टरला तिन्ही लावून बघाव्यात, उघडतात की नाही. नुसते कपाटात ठेवले म्हणजे जपले असे होत नाही. मी गेल्यावर माझ्या खोलीला खुशाल कुलूप घालावे.

आमच्यात मोठे माणूस गेले की त्याच्या फोटोचे पोस्टर गावभर लावतात; लेकरू गेले तर लावत नाहीत, मोठ्याने रडूही देत नाहीत. म्हणून माझ्या अंत्यविधीच्या पोस्टरवर नाव माझे छापावे, फोटो हा लावावा. लोक विचारतील, ही पोरगी कोण? मानसाने प्रत्येकाला सांगावे, ही अराबाची लेक.

सही (अंगठा नव्हे): अराबा अमिसा
साक्षीदार: फिलोमिना ऐदू, शेजारीण, जोसेफ क्वांसा, शिक्षक
एल्मिना, १४ मार्च २०२३