साखरेच्या डब्याचं कुलूप

अहो,

मी ताईकडे जातेय, संध्याकाळी येईन. भाजी ओट्यावर आहे, पोळ्या डब्यात.

काल डॉक्टरीणबाईंना एकटीच भेटून आले. सकाळी उपाशीपोटी माझी साखर वाढलेली दिसते, म्हणून तुम्ही साखरेच्या डब्याला कुलूप लावलंत आणि शेजारच्या वहिनींना सांगितलंत, "ही रात्री चोरून खाते." जन्मभर परीक्षेत कॉप्या पकडल्यात, आता घरात मीच उरले.

तर चोर सापडलाय. माझं लिव्हर. पोट रिकामं असलं तरी मेंदूला साखर लागतेच, म्हणून ते साठवलेली सोडतं आणि वर नवीही तयार करतं. सगळ्यांचंच करतं, तुमचंसुद्धा. मधुमेहात पहाटे त्याला जरा जास्तच उत्साह येतो, एवढंच. त्याला कुलूप लावायचं तर मला कापावं लागेल. हे तुम्हाला सुचवायला नको होतं.

बाईंनी गोळी बदलली आहे. तुम्ही बंद केलेलं माझं रात्रीचं जेवण आजपासून सुरू. त्यांनीच सांगितलंय, आणि मला भूकही लागते.

किल्ली तुमच्या जुन्या चष्म्याच्या घरात असते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी डब्याला हात लावला नाही. हेही वहिनींना तुम्हीच जाऊन सांगा, तेवढ्याच मोठ्या आवाजात.

संध्याकाळी आले की आधी त्यांची बेल वाजवून विचारणार आहे. मग आपली.