दुसऱ्या पुकारीला

अहमदी, कुवेत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

रसिकास,

प्रभूच्या नावात सलाम. तू बरी असशील, घरचे बरे असतील. मी बरा आहे. गॅरेजला काम भरपूर, ऊन मात्र उतरलंय. माझ्या खोलीतला जयदीप सोमवारी गावी निघालाय. तो हे पत्र तुझ्या बालवाडीवर येऊन तुझ्याच हातात देईल. तुझ्याशी फोनवर बोलायचं तर स्पीकर चालू असतो. मागे मी ‘जेवलीस का’ विचारलं तर तुझे बाबा म्हणाले, ‘हो, मेथीची भाजी.’

आई सांगत होती, रविवारी तिकडे आपल्या लग्नाची पहिली पुकार झाली. सगळी मंडळी मान वळवून तुला बघत होती म्हणे. इथल्या चर्चमध्येही तसंच, तीन आठवडे आपली नावं वाचून हरकत विचारतात. इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारी. चर्च अहमदीत, मी शुवैखच्या खोलीवरून बस बदलत येतो. इंग्रजी मला निम्मं कळतं. पण कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते आपल्यासारखंच, त्यामुळे अडत नाही.

आज अडलं.

फादरनी दुसरी पुकार वाचली. माझं नाव, मग तुझं. मी डोळे मिटून तुझा चेहरा आठवायला गेलो. तुझी आई आठवली, भिंतीवरचं कॅलेंडर आठवलं, तू नाही. सुट्टीत एकदाच भेटलो आपण, आणि तेव्हा मी तुला कुवेतचा उन्हाळा सांगत बसलो. इतक्यात फादर म्हणाले, कोणाची हरकत असेल तर आता बोला.

मी उभा राहिलो.

हो, नवराच. फादरनी चष्मा काढला. शेजारी नाशिकच्या लीनाताई होत्या, इथं नर्स आहेत. त्यांनी माझा शर्ट ओढला. “कारण विचारतायत अरे. आधी लग्न झालंय का तुझं?”

“नाही हो ताई!”

“मुलगी नात्यातली आहे?”

“नाही.”

“मग बस खाली, बावळट.”

बसलो. पण प्रभुभोजनाला वेदीपुढे गेलो तेव्हा भाकर घ्यायला हात पुढे होईना. फादरनी काही न विचारता डोक्यावर हात ठेवला. नंतर दाराशी लीनाताईंकरवी म्हणाले, “मन तयार नाही, ही हरकत म्हणून धरता येत नाही. पण वेदीपुढे ‘होय’ दोघांनी म्हणायचं असतं. आधी तिच्याशी बोल.”

तिथून चालत फहाहीलला गेलो, समुद्रापर्यंत. बसवेना, चर्चच्या आवारात परत आलो, तिथंच हे लिहितोय.

दुसरी कोणी नाही, रसिका. तू नकोस असंही नाही. मला काही माहीतच नाही, आणि ते म्हणायच्या आत घरच्यांनी पेढे वाटले. तुला तरी कोणी विचारलं का? मी तर नाही विचारलं.

तिकडे तिसरी पुकार तेवीस तारखेला. त्याआधी मी तिकडच्या पाळकसाहेबांना फोन करून सांगणार, नवरा तयार नाही, थांबवा. बोल मला लागू देत. तुझं नाव घेणार नाही. पण हे तुला चर्चमध्ये सगळ्यांच्या देखत कळायला नको, म्हणून आधी तुला लिहिलं. तुला लग्न नकोच असेल तर सुटलीस असं समज. हवं असेल तर माझ्यावर चीड, शिव्या दे, आणि मग विचार काय विचारायचं ते. मी खरं सांगीन.

खाली ‘तुझा’ लिहिलं होतं. खोडलंय.

मयूर