खरवसाचा डबा

आई, मी एक स्पॅनिश कादंबरी मराठीत करतेय. अलीकडच्या एका लेखिकेची आहे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून गोष्टच सांगते. गावातली एक मुलगी माद्रिदला जाते, तिथल्या एका मुलावर तिचा जीव जडतो आणि त्याच्यापायी ती नाव बदलते, बोलणं बदलते, आईबापसुद्धा नवे रचते. मग एक दिवस खरी आई टोपली घेऊन तिच्या दारात उभी राहते. त्या पानावर माझं काम महिनाभर अडलं होतं.

का अडलं, ते तुला ठाऊक आहे. शहरात, राजारामपुरीतल्या त्या स्पॅनिशच्या वर्गात मी गडहिंग्लजच्या डॉक्टरांची लेक होते, शिकायला इथं मामाकडं राहिलेली. गडमुडशिंगीच्या आपल्या गोठ्यातलं शेण हातावरनं धुवायचं, पावडर लावायची आणि बस धरायची, हा माझा रोजचा नेम. त्या दिवशी म्हैस व्यालेली. रतीब घालून तू थेट वर्गाच्या जिन्यात आलीस, खरवसाचा डबा पदराखाली धरून. माझ्याशेजारी वर्गातला तो मुलगा उभा, ज्याच्यापायी हे सगळं सोंग. "कोण गं या?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "आमच्याकडं दूध घालतात." जीभ कशी झडली नाही माझी! तू माझ्याकडं एकदाच बघितलंस. मग त्याला म्हणालीस, "व्हय पावणं, ह्यांच्यात दूध घालतो की मी. ताईस्नी खरवस आवडतोय, म्हणून आणलाय." पोटच्या पोरीला तू ताई म्हणालीस.

संध्याकाळी घरी आले तर तू धार काढत बसलेली. वाटलं, आता शिव्यांची लाखोली. मागं न बघता तू विचारलंस, "पुरला का गं पोरास्नी?" मी हो म्हणाले. "डबा घासून ठेव." एवढंच. त्यापेक्षा चार रट्टे घातले असतेस तर बरं झालं असतं. तो मुलगा वर्षभरात दुसरीच्या मागं गेला. तुला जाऊनही आता वीस वर्षं होतील, आणि हा विषय आपल्यात कधी निघालाच नाही.

शेवटी त्या पानावरच्या आईला मी तुझंच बोलणं दिलं. तीही निघताना लेकीला विचारते, "पुरलं का गं पोरास्नी?" संपादकबाई एकदम खूश. फोनवर म्हणाल्या, "अहो, ही भाषा आणलीत कुठनं?" आणि या वयात माझ्या तोंडातनं काय निघावं? "आमच्याकडं दूध घालायच्या एक बाई, त्यांची."

"मग आभारात घालूया की त्यांना," त्या म्हणाल्या.

आज छपाईआधीची शेवटची पानं तपासायला आली. वेलांट्या सुधारल्या, दोन स्वल्पविराम हलवले. आभारात ती ओळ आहे, 'दूध घालणाऱ्या बाई'. ती खोडून 'माझी आई' लिहायचं होतं. दोन शब्द फक्त. पेन टेकवलंही. मग संपादकबाई विचारतील, त्यांना काय सांगायचं, असं मनात आलं, आणि पानं होती तशी परत पाठवली. पुस्तक पाठवायला तुझा पत्ता कुणाकडं नाही, ते बरंच आहे. मला आजही जमलं न्हाय, आई.