काहिलीतली मागची जागा

इनामगाव,
२५ जानेवारी २००४

प्रिय आसमीन,

आधी बातमी, मग बाकीचं. काल आप्पांनी मला काहिलीत मागं बसवलं. गुळाच्या त्या जुन्या कढईत बसून आमची सगळी भिल्ल वस्ती घोडनदीत मासे धरते, पण मी एवढी थोरली झाले तरी काठावरच. पुढं जाळं टाकणाऱ्यानं 'वळव' म्हटलं की मागच्यानं वल्हं मारायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याला मागं बसवून बुडायचंय कुणाला?

माझे कान लहानपणापासून वाहायचे. आमच्याकडं वाहता कान म्हणजे दुधाचे दात, वय वाढलं की जाणारच. आईनं लसणाचं तेल घातलं, वस्तीनं अंगारे दिले. शाळेत तू मात्र माझ्या उजवीकडे बसायचीस आणि गुरुजींचं बोलणं माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या कानात पुन्हा बोलायचीस. म्हणून तर आज हे पत्र लिहिता येतंय. तोंडावर कधी सांगितलं नाही, आता सांगते.

यवतच्या कानतपासणीच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डाव्या कानाचं पुण्याला ऑपरेशन करवलं. कानामागचं पातळ कातडं घेऊन पडद्याचं भोक बुजवलं, आणि तीन महिने कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही म्हणाल्या. नदीवरच्या पोरीला हे सांगायचं म्हणजे कमालच. मला वाटलं, आप्पा उखडणार. त्यांनी उलट वस्तीलाच दम भरला, "जाळं सांधलंय. गाठ बसस्तोवर पाण्यात टाकायचं न्हाई." मग काय, मी नदीकडं नुसतं बघितलं तरी शेजारची सरूबाई काठी घेऊन मागं यायची.

पडदा धरला, आसमीन. काल आप्पा पुढून हळूच म्हणाले, "वळव," आणि मी वळवलं. जाळं वर आलं, काहिलीच्या पत्र्यावर मासे फडफडले. मासे एवढा दंगा करतात हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी रडले, आणि आप्पा पाठमोरे बसून उपरण्यानं नाक पुसत राहिले. वस्ती सवयीनं अजून माझ्याशी ओरडूनच बोलते. हळू बोला, असं आता मीच सांगते.

एवढं लिहायचं कारण, परवा तुझी अम्मी भेटली. तुझ्या लेकीचा, रुबीचा, कान वाहतो, तुझ्या सासूबाई तेल घालतात, आणि हाक मारली तरी पोरगी वळत नाही, फार हट्टी आहे, असं तू म्हणालीस म्हणे. आसमीन, गुरुजी मलाही हट्टीच म्हणायचे. तेल आजपासून बंद कर. येत्या रविवारी यवतला पुन्हा शिबिर आहे. रुबीला घेऊन दौंडहून सकाळच्या एसटीनं ये, मी स्टँडवर उभी असेन. आणि माझ्याजवळ बसताना बाजू शोधू नकोस, कुठंही बस.

तुझीच,
म्हाळसा